मोटारीच्या घशातली खरखर

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. राहात्याला माझा दवाखाना होता आणि दवाखान्यापुढे माझ्याहूनही दमलेली एक मोटार उभी असायची. ती मी कोपरगावच्या एका वकिलांकडून घेतली होती. विकताना वकीलसाहेब इतके हसतमुख का होते, ते मला पुढे कळलं.

एका सोमवारी सकाळी स्टार्टर ओढला तर बॉनेटखालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवावा तसा. इंजिन सुरू झालं आणि आवाज थांबला. मंगळवारी तेच, बुधवारी जरा जास्तच.

मला घाम फुटला. कारण रविवारी नेवाशाला माझ्या मेहुणीचा, सुमनचा, साखरपुडा होता आणि सासऱ्यांनी वरपक्षाला आधीच कळवून टाकलं होतं, “तुम्हाला स्टँडवरून घ्यायला आमच्या डॉक्टर जावयांची मोटार येईल.” (मला न विचारता. पण जावयाला कोण विचारतं?)

शनिवारी दुपारी दवाखाना बंद केला, बायकोला गाडीत बसवलं आणि बॉनेट उघडून स्टेथोस्कोप कानाला लावला.

“ओढ स्टार्टर,” मी म्हणालो.

खर्रर्र.

“पुन्हा.”

खर्रर्र. मी नळी कार्बोरेटरवर ठेवली, डायनामोवर ठेवली. सगळीकडून तेच ऐकू येत होतं. पेरूच्या बागेकडे निघालेले शेजारचे भाऊसाहेब थांबले. त्यांच्याकडे ट्रॅक्टर असल्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं.

“डाक्टर, व्हॉल गेलं म्हनायचं,” ते म्हणाले. “आमच्या ट्रॅक्टरचं असंच हुतं.”

“मग काय केलंत?”

“इकला.”

एवढं सांगून ते बागेकडे गेले. बायको गाडीतून म्हणाली, “अहो, गाडी सुरू झाली की आवाज थांबतो. म्हणजे फक्त सुरू करायला जे लागतं, त्यातच काहीतरी बिघडलं असेल ना?”

“तितकं सोपं नसतं ते,” मी म्हणालो. “दुखणं एकीकडे असतं आणि कळ दुसरीकडे येते.”

“बरं,” ती म्हणाली आणि उतरून साडीला इस्त्री करायला घरात गेली.

मी प्लग काढले. ते बरे दिसले, म्हणून कार्बोरेटर काढला. त्यातही काही सापडेना, म्हणून पंखा, डायनामो आणि वरचं झाकण काढलं. प्रत्येक वस्तू पुसून अंगणात जुन्या चादरीवर ओळीने मांडली. अंधार पडला तेव्हा चादर भरली होती, बॉनेटखाली बरीच मोकळी जागा झाली होती आणि कुठली वस्तू कुठून काढली हे मला आठवत नव्हतं.

सकाळी बायको नटून बाहेर आली. आधी तिने चादर पाहिली, मग मला.

“मी एस्टीनं जाते,” ती म्हणाली. “तुम्ही या सावकाश.”

त्या दिवशी मी गेलोच नाही. वरपक्षाची माणसं स्टँडवर तासभर मोटारीची वाट बघत बसली. शेवटी सासऱ्यांनी शेजाऱ्याची बैलगाडी पाठवली. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी उतरताना विचारलं म्हणे, “डॉक्टरांची मोटार ती हीच का?” साखरपुडा नीट पार पडला. पण सासरे पुढे वर्षभर माझ्याशी फक्त हवापाण्यावर बोलत.

सोमवारी मी दगडूमिस्त्रींना बोलावलं. ते विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत. त्यांनी चादरीला एक शांत फेरी मारली आणि विचारलं, “आवाज कवा यायचा?”

“सुरू करताना.”

“मंग ह्ये सगळं कशापायी खोललं?”

मी चादरीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. ते पाना घेऊन गाडीखाली गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. “स्टार्टरच्या मोटरीचे दोन बोल्ट ढिले झाल्ते. आवळले.” त्यांनी स्टार्टर ओढून दाखवला. खरखर साफ गेली होती. गाडी अर्थातच सुरू झाली नाही, कारण तिचा निम्मा संसार चादरीवर होता. तो जागेवर बसवायला त्यांना दोन दिवस लागले.

बायको दारात उभी राहून हे ऐकत होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती चहा टाकायला आत गेली.

मंगळवारी संध्याकाळी काम संपलं. चहा पिता पिता मिस्त्रींना खोकल्याची मोठी उबळ आली. निदान इथे तरी माझा काही उपयोग होईल, असं मला वाटलं.

“केव्हापासून आहे हा खोकला?”

“लई दिस झाले. सकाळी उठल्यावर येतो. कामाला लागलं की जातो.”

“उद्या दवाखान्यात या. नीट तपासतो.”

मिस्त्रींनी कपबशी खाली ठेवली. चादरीवर अजून एक स्प्रिंग आणि दोन वायसर उरले होते. ते कुठले, हे मिस्त्रींनाही उमगलं नव्हतं. त्या उरलेल्या वस्तूंकडे बघत ते म्हणाले, “नको डाक्टर. खोकला हाय तसा ऱ्हाऊ द्या. तुमी मला खोलून ठिवाल.”