टाळीचा धाक

चूक सुधारायची, पण माणसाला गप्प करायचं नाही, हे कसं जमतं? खरंच सांगते, मला माहीत नाही.

पुण्याजवळच्या मांजरी गावात आमच्या बुद्धविहारात मी रोज संध्याकाळी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. 'टू'नंतर क्रियापद मूळ रूपात येतं, हे लक्षात राहावं म्हणून मी एक नियम केला होता: कुणी 'टू वर्किंग' म्हटलं की बाकीच्यांनी टाळी वाजवायची. सगळ्यात जास्त टाळ्या शेजारच्या शोभामावशींना पडायच्या.

आज दुपारी एका शाळेत मदतनीसाच्या कामासाठी त्यांची मुलाखत होती. तिथून त्या सरळ आमच्या घरी आल्या.

"काय विचारलं, मावशी?"

"काम का पाहिजे म्हणून. मी 'आय वॉन्ट टू' म्हणाले आणि थांबले."

"का?"

"टाळी पडंल वाटलं. तुझा धाक त्या हेडमॅडमपेक्षा जास्त हाय गं बाई!"

त्या हसल्या. काम दुसरीला मिळालं होतं.

मला हसता आलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात माझ्या इंग्रजीला वर्ग हसायचा, तेव्हा मीही अशीच अर्ध्या वाक्यात थांबायचे. तरी मी मावशींच्या बाबतीत त्या वर्गासारखंच केलं, आणि वर त्याला शिकवणं म्हटलं.

तुमच्यापैकी कुणी शिकवत असेल, तर तुम्ही काय करता?

मी आजच्या वर्गात सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली आणि टाळी बंद केली. मग त्या पाच मिनिटं इंग्रजीत बोलल्या. चुका भरपूर झाल्या. मी एकदाही टोकलं नाही.