गनीभाईंच्या कॅमेऱ्यातली काच

गनीभाईंच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी हात मागं बांधायचे. मी तिसगावचा सहादू फोटोवाला. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, सगळं मीच काढायचो. गावात चार माणसं मला ओळखून होती. पण शेवगावातल्या त्या आठ बाय दहाच्या खोलीत मला कोण विचारतो. टेबलावर कॅमेरा उघडा असला आणि माझा हात नुसता पुढं सरकला, की ते मान वर न करता म्हणायचे, "काचेला बोट लावलंस तर ते बोट हितंच ठिवून जायचं."

काच म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुना दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा असतो. वरच्या भिंगातलं चित्र आतल्या आरशावरून एका चौकोनी काचेवर येतं. ही काच एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं घासून खरबरीत केलेली, आणि चित्र उमटतं ते खरबरीत बाजूवर. काचेवर माणूस स्पष्ट दिसला की खालच्या भिंगातून रिळावरही तो स्पष्टच येणार, या एका भरवशावर आमचा सगळा धंदा. काच जरा जागची हलली की भरवसा संपला.

काच निवडताना गनीभाई गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारायचे. लग्नवाल्याला मधे दुभंगलेलं वर्तुळ असलेली काच. त्यात नाकाचे दोन तुकडे जुळले की झालं, गर्दीत तेवढंच जमतं. नुसते चेहरे काढणाऱ्याला मात्र साधी, बिनरेघेची. "चेहरा बघायचा का रेघ बघायची?" असं वर ऐकवायचे. आणि काच पुसायची नाही म्हणजे नाही. रबरी फुग्यानं हवा मारायची, फारच झालं तर मऊ ब्रश, तोही कडेकडेनं. एकानं प्लॅस्टिकची काच स्पिरिटनं पुसून धुरकट करून आणली, तर हे बाबा दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. मीच चहा आणून दोघांना पाजला.

काच परत बसवताना ती ट्यूबलाईटखाली तिरकी धरायची. जिच्यात ट्यूब लख्ख दिसते ती बाजू आपल्याकडं, दिसत नाही ती खाली, आरशाकडं. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. मी शंभरदा हो म्हणालो.

दुकानाच्या मागंच त्यांचं घर, आणि घरात इमामबी भाभी. अर्ध्या तालुक्याचे चेहरे टिपणाऱ्या या माणसाकडं स्वतःच्या बायकोचा एक फोटो नव्हता. तिच्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, तसबीर काढून घ्यायची नाही. तिनं तो शब्द पाळला. लग्नात नाही, लेक मेहविश झाली तेव्हा नाही, कधीच नाही.

पण काच तपासायला ती उभी राहायची. नवी काच बसवली की गनीभाई आत हाक मारायचे. भाभी कणकेचे हात पुसत यायची आणि मागच्या दारात, कडीशेजारी दाराला पाठ लावून उभी राहायची. आधी विचारायची, "रीळ न्हाई ना?" मग ते कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडून रिकामा कॅमेरा दाखवायचे. झाकण उघडून दाखवल्याशिवाय ती उंबऱ्याजवळसुद्धा येत नसे. मग ते खाली मान घालून बघत बसायचे. काच जुळायला लागतं किती, चार-पाच क्षण. हे पाच पाच मिनिटं बघायचे. ती म्हणायची, "झालं का न्हाई अजून? पोळी करपंल." ते म्हणायचे, "थांब, कडेला जरा अंधार दिसतो."

कसला अंधार आणि कसलं काय. वीस वर्षं त्यांच्या संसारात हेच चाललं होतं. एकदा मी चेष्टा केली, "गनीभाई, काच तपासताय का भाभीला?" ते चिडले नाहीत. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ. दावतो तुला." मी आत डोकावलो. तळहाताएवढ्या काचेवर भाभी उभी, कपाळावर पीठ लागलेलं, हसू दाबलेलं, पदराची किनार हलतेय. फोटो हलत नाही, काचेवरचं माणूस हलतं, श्वास घेतं. मी पटकन कॅमेरा परत दिला. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं मला.

चौऱ्याण्णव साली दोघांचं हजला जायचं ठरलं. पासपोर्टला फोटो लागणार. गनीभाईंनी ते सांगितलं, आणि भाभीनं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "अल्लाच्या घरी जायला लागतो म्हणताय तर काढा. अब्बा त्याला न्हाई म्हननार न्हाईत. पर एकच." त्या आठवड्यात गनीभाईंचं वागणं पोरीच्या लग्नाला उभ्या राहिलेल्या बापासारखं. भिंत चुन्यानं धुतली, दाराची कडी घासली, कुठल्या वेळी उजेड चांगला पडतो ते रोज उठून बघायचे.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझा कॅमेरा बंद पडला. तिसगावात लग्न घेतलेलं. मी त्यांचा कॅमेरा मागितला, तो खास साध्या काचेचा, भाभीसाठी राखलेला. दुसरा कुणी असता तर हाकलून दिला असता. मला दिला.

हळदीच्या घरात हळद उडणारच. ती गेली कॅमेऱ्यात, काचेवर पिवळी भुकटी. फोटो झाले, पण तसाच कॅमेरा परत कसा द्यायचा? शिव्या बसतील म्हणून मी शहाणपणा केला. चार स्क्रू काढले, काच बाहेर घेतली, साफ केली. दिवेलागणीची वेळ, लाईट गेलेली. खिडकीशी नेऊन बघता आलं असतं. सकाळपर्यंत थांबता आलं असतं. मी अंदाजानं बसवली आणि स्क्रू आवळले. सकाळी पहिल्या गाडीनं नेऊन दिला, वर म्हणालो, "बघा, कसा चकाचक करून आणलाय." ते खूश झाले. माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी.

त्याच दिवशी त्यांनी भाभीचा फोटो काढला. बारा फोटोंच्या रिळावरचा तो पहिला. रीळ भरल्याशिवाय धुवायचं नाही ही आमची सगळ्यांची सवय, म्हणून ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाभीचं डोकं दुखायला लागलं. नगरला न्यायला टेम्पो केला, पण ती नगरपर्यंत पोचली नाही.

चाळिसावा झाल्यावर गनीभाईंनी ते रीळ धुतलं. मी नेमका तिथंच होतो. अंधाऱ्या खोलीतून ते ओला कागद घेऊन बाहेर आले आणि माझ्यापुढं धरला. मागच्या दाराची कडी अशी स्वच्छ की घासल्याचे ओरखडे मोजावेत. लाकडाच्या शिरा, खिळ्यांची डोकी, सगळं जागच्या जागी. आणि पुढं भाभीचा चेहरा धूसर. नाक-डोळे आहेत एवढंच कळत होतं.

हात हलला तर सगळाच फोटो हलतो. माणूस पुसट आणि त्याच्या मागची वीतभर लांबची कडी स्वच्छ, हे एक तर बघणाऱ्याच्या डोळ्यानं होतं, नाहीतर काचेनं. उलट्या बसलेल्या काचेनं. आणि ती बसवली होती मी. गनीभाई कागदाकडं बघत म्हणाले, "डोळं गेलं रं माजं, सहादू."

मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही उघडलं.

त्यांनी फोटो काढणं सोडलं. विचारणाऱ्याला सांगायचे, डोळं दगा देतात. दुरुस्ती तेवढी करत राहिले. तो कॅमेरा मलमलच्या फडक्यात बांधून फळीवर ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही. मी दर आठवड्याला जायचो. बिघडलेलं काही नसलं तरी काहीतरी बिघडवून न्यायचो. ते भाभीच्या गोष्टी सांगायचे, पोळी करपल्याच्या, रीळ न्हाई ना विचारल्याच्या, आणि मी मान हलवत ऐकायचो. म्हणायचे, "तिचा चेहरा आता डोळं मिटल्यावर बी नीट येत न्हाई. आधी कडी येती." असं बोलले की मला घरी जाऊन जेवण जायचं नाही. रंगुबाई, माझी बायको, म्हणायची, "सांगून टाका एकदाचं. मारतील तर मारतील." तिला काय जातंय म्हणायला, असं म्हणून मी कूस बदलायचो. चार वर्षं गेली अशी.

अठ्ठ्याण्णव साली मेहविशनं बापाला औरंगाबादला न्यायचं ठरवलं. दुकान आवरायला मी गेलो. सगळं खोक्यांत भरल्यावर गनीभाईंनी फळीवरचं फडकं उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. "हा तुला."

आता काय करणार होतो मी? घरी नेऊन गुपचूप काच सुलटी केली असती, कुणाला कळलंही नसतं. पण फडकं हातात आल्यावर ते जमलं नाही. खोक्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. हळद, लाईट, अंदाज, सगळं. रडलोही. गनीभाई टेबलाचा खण पुसत होते, ते पुसतच राहिले.

"म्हाइती हाय," ते म्हणाले.

"काय म्हाइती हाय?"

"काच उलटी हाय ते. फोटू धुतला त्याच दिशी तू गेल्यावर कॅमेरा खोलला. ट्यूबखाली धरली. कोपऱ्यात हळदीचा अंगठा हुता. लग्नाच्या हळदीला कोण गेल्तं, मी का तू?"

मला वाटलं, आता हा माणूस मला मारेल तर बरं. मी म्हणालो, "मग डोळं गेलं डोळं गेलं असं का सांगत फिरलात? चार वर्षं मला बोलला का न्हाईत?"

त्यांनी फडकं झटकलं. "बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. तिला काचंवर बघितलेली मान्सं दोनच, मी आन् तू. तू बी गेला असतास तर मी कुनापाशी बोललो असतो?"

  मेहविश बाहेरून हाक मारत होती, टेम्पोवाला घाई करत होता. दारातून जाताना ते परत वळले.

"आन् काच सुलटी करू नगंस. तशाच काचंवर त्या दिशी ती लई साफ आल्ती. मी बघितली हाय."

कॅमेरा माझ्याकडं आहे. हळदीचा अंगठा अजून कोपऱ्यात आहे. काच पुसायची नाही, हे आता मला पाठ आहे. कधी रंगुबाईला दारात उभी करतो, वरून बघतो. ती आधी विचारते, रीळ नाही ना. मी झाकण उघडून दाखवतो.