पाटावरची पेडलं

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात ज्याचं वाजवणं सगळ्यांत जास्त लोकांनी ऐकलं आणि सगळ्यांत कमी लोकांच्या लक्षात आलं, असा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. हे मी पैजेवर सांगतो. आमचे हे मेहुणे गेली एकतीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतात. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, जिचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. गायिकेला लोक ओळखतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात, कीबोर्डवर मी असतो म्हणून मलाही शेजारचे चार लोक हात करतात. मेहुण्यांना मात्र एका लग्नात यजमानांनी स्टेजवरून उतरताना विचारलेलं, "तुम्ही इलेक्ट्रिशियन ना? मंडपातली ती एक ट्यूब जरा बघता का?" आणि मेहुण्यांनी बघितली! स्टार्टर बदलून, हात पुसून मगच ते जेवायला बसले. मी भडकलो तर मला म्हणाले, "जावईबापू, ट्यूब लागली ना? मग झालं तर."

त्यांच्या कानांबद्दल काय सांगू! जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या सुरात आहे आणि तो सूर ओळखणं हे आपलं कर्तव्य आहे, असं ते मानतात. मी बायकोला बघायला कोपरीला त्यांच्या घरी गेलेलो, तेव्हा सगळी मंडळी माझी नोकरी, गोत्र, मूळ गाव असं रीतसर विचारत होती आणि हा गृहस्थ मान वर करून पंख्याकडे बघत होता. पोहे आले तेव्हा एकदम म्हणाले, "काळी तीन. पण किंचित उतरलेला आहे." मला वाटलं, मुलीच्या भावाला काहीतरी झटका वगैरे येतो. घरात रियाज करताना 'पांढरी एक' लागली की वहिनींच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरतात. मग आल्यागेल्या पाहुण्याच्या हातात एकेक पेला दिला जातो, "जरा धरून बसा, एवढी ओळ होऊ दे." मी स्वतः दोन दोन पेले घट्ट धरून एक अख्खं गणपतीस्तवन ऐकलं आहे. चहा त्यानंतर मिळाला, त्याच पेल्यांतून.

आता मुद्द्याची गोष्ट. गिटारवाल्यांच्या पायाशी लोखंडी डब्या असतात, त्यांना पेडल म्हणतात. डबी पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलतो. एका डबीने तो जाड होतो, दुसरीने पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, तिसरीने घरघरतो. बेसवाल्याला कार्यक्रमात ही पेडलं लागतात का, यावर आमच्या क्षेत्रात दोन तट आहेत, आणि मेहुणे तीस वर्षं एका तटाचे सरसेनापती होते. तालमीत कोणी नुसतं 'पेडल' म्हटलं की हे गिटार खाली ठेवायचे. "अरे, बेस म्हणजे घराचा पाया. पायाला कोणी डिस्टेंपर लावतं का? वरच्यांनी काय रंगरंगोटी करायची ती करू दे. आपण खाली गप उभं राहायचं." हे भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आमच्या लीड गिटारवाल्याने एकदा चेष्टेने यांच्या वायरीत एक डबी जोडून ठेवली, तर त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत. तालमीला त्याच्यासाठी वडापाव आणायचे, पण बोलायचे नाहीत.

आणि मग गेल्या गणपतीनंतर आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मालक वाईट माणूस नाही, पण बोलायला एकदम सडेतोड. म्हणाले, "दादा, राग मानू नका. आजकाल सगळे ऑर्केस्ट्रे बेस कीबोर्डच्या डाव्या हाताने भागवतात. यांच्या कीबोर्डात बेसचे बावीस आवाज आहेत. तुमच्याकडे एकच. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमापर्यंत बघू, नाहीतर मग थांबू या." 'यांच्या' म्हणजे माझ्या. मेहुण्यांच्या जागी बसवायचा होता तो माझा डावा हात! मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. म्हणजे 'नाही' असं म्हणालो नाही, मूग गिळून बसलो. माझा स्वतःचा राग येतो अजून. मेहुण्यांची केमिकल कंपनीतली नोकरी संपलेली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. त्या माणसाकडे आता त्या चार तारांशिवाय होतं काय? पण ते मला काही बोलले नाहीत. मालकांना एवढंच म्हणाले, "बावीस ना? ठीक."

आठवड्याभरात तीस वर्षांचा सरसेनापती शत्रूच्या गोटात दाखल झाला. कुठून कुठून जुनी, वापरलेली पेडलं जमवली. सात झाली. ती मांडायला पट्टी हवी म्हणून त्यांनी माळ्यावरून आईचा शिसवी पाट काढला, पितळी फुल्यांचा, आणि त्यावर सातही डब्या ओळीने बसवल्या. पहिल्याच दिवशी घरघरीची डबी दाबली तर खाली सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत पंपरूमकडे पळाले. त्यांना वाटलं टाकी कोरडी आहे आणि पंप जळतोय. वहिनी म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा मिक्सर वाजवा, निदान चटणी तरी होईल."

पण खरी अडचण वेगळीच निघाली. पाट आईचा. त्यावर चप्पल चालणार नाही, म्हणून मेहुणे अनवाणी. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा हे लहानपणापासून हाडात भिनलेलं, आणि पेडल तर दाबायचंच पायाने! त्यामुळे अंगठ्याने डबी दाबली की यांचा उजवा हात तारा सोडून आधी डबीला आणि मग कपाळाला. तेवढ्यात एक मात्रा हुकायची. विठ्ठलवाडीला एकांच्या साठीच्या कार्यक्रमात त्यांनी एका गाण्यात चौदा नमस्कार घातले. साठी झालेले गृहस्थ बिचारे प्रत्येक वेळी खुर्चीतून उठून उलट नमस्कार करत होते. मालकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे मध्येच कोणाच्या पाया पडतात?" मी काय सांगणार, कपाळ! घरी येताना मेहुणे स्वतःच म्हणाले, "जमेल हो. सवयीचा प्रश्न आहे. नमस्कार जरा लवकर उरकायला हवा." नमस्कार घालायचाच नाही, हा पर्याय त्यांच्या डोक्यातच आला नाही.

नरकचतुर्दशीची पहाट. डोंबिवलीचं मैदान नव्या कपड्यांनी आणि उटण्याच्या वासाने भरलेलं. मेहुणे माझ्या आधी तासभर येऊन सगळं जोडून बसलेले. पाट समोर, सात डब्यांवर लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते. ते वायर आणायला साउंडवाल्याकडे गेले आणि तेवढ्यात आयोजकांच्या दोन काकू स्टेजवर आल्या. दिवाळीची पहाट, समोर पितळी फुल्यांचा पाट, त्यावर मांडलेले दिवे! त्यांनी दुसरं काय समजायचं? भराभर पाटाभोवती रांगोळी काढली, प्रत्येक डबीवर एकेक झेंडू ठेवला. मेहुणे परत येतायत तोवर निवेदिकेने जाहीर करून टाकलं, "आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वाद्यपूजन." प्रमुख पाहुण्या म्हणजे ऐंशीच्या घरातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता. आणि मग पंचपात्रातून पळीने पाणी. एकेका डबीवर सावकाश, कुठलीही उपाशी राहू नये अशा बेताने. मी मेहुण्यांकडे बघून डोळ्यांनी ओरडत होतो, 'अहो, थांबवा त्यांना!' आणि आमचे मेहुणे काय करत होते? हात जोडून, डोळे मिटून उभे होते. पूजेत कोणाला अडवतात का? नशीब, डब्या कमी व्होल्टेजवर चालतात, नाहीतर मुख्याध्यापिकांसह सगळेच गेलो असतो. लाल-हिरवे दिवे एकेक करून विझले. साउंडवाला काही विचारायच्या आत गायिकेने सूर लावला आणि गाणं सुरू झालं.

बेस वाजलाच नाही. मेहुण्यांची बोटं तारांवर चाललेली दिसत होती, पण आवाज त्या भिजलेल्या डब्यांतच अडकलेला, अ‍ॅम्पच्या खोक्यातून हूं की चूं नाही. दीड हजार माणसं समोर. विंगेतून मालक मला हातवारे करू लागले, "डावा! अहो, डावा हात!" आणि खोटं कशाला बोलू, माझा डावा हात खालच्या पट्ट्यांकडे सरकलाही. अगदी सोपं होतं. चार सूर धरले असते तर कोणाला काही कळलं नसतं. आणि नेमकं तेच मालकांना बघायचं होतं, कोणाला काही कळत नाही हेच. मी मेहुण्यांकडे पाहिलं. ते माझ्या हाताकडे बघत होते. रागाने नाही हो, रागाने असतं तर बरं झालं असतं. निकालाची वाट बघतात तसं बघत होते.

मी डावा हात उचलला आणि चक्क मांडीखाली घालून त्यावर बसलो. मालक विंगेत नाचायचे बाकी होते. गाणं उजव्या हातावर पुढे चाललं, पण मीठ विसरलेल्या आमटीसारखं. सूर होते, ताल होता, आणि तरी काहीतरी नव्हतं. पुढच्या रांगेतल्या आजोबांचा पाय ताल धरायचा थांबला. कोणी मान वळवून स्पीकरकडे बघू लागलं. गायिका ओळ घेता घेता मागे वळली. ज्यांना एकतीस वर्षांत बेस कधी ऐकू आला नव्हता, त्या सगळ्यांना तो आता ऐकू येत नव्हता. मेहुणे खाली वाकले. पाटाला हात लावून एकदा कपाळाला लावला, गिटारची वायर पेडलांतून उपटली आणि सरळ अ‍ॅम्पमध्ये खुपसली. मधे काही नाही. अंतरा संपून धृपद आलं आणि समेवर त्यांनी पहिला सूर दिला.

काय सांगू! स्टेजच्या फळ्या पायाखाली जाग्या झाल्या. आणि पुढच्या रांगेतले ते आजोबा, पाय थांबलेले, खुर्चीचा हात थोपटून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाले, "हां! आत्ता कसं!" लोक हसले, टाळ्या पडल्या. आजोबांना विचारलं असतं तर नेमकं काय आलं हे त्यांना सांगता आलं नसतं. पण मला माहीत होतं आणि विंगेत मालकांनाही कळलं होतं. पुढचे दोन तास तो माणूस नुसत्या चार तारांवर असा वाजला की मी दोनदा माझीच जागा चुकलो. तो माझा मेहुणा आहे, हे त्या दिवशी मी स्टेजवरून उतरल्यावर ओळख ना पाळख अशा तीन जणांना थांबवून सांगितलं.

फराळाच्या वेळी मालक चिवड्याची बशी घेऊन स्वतः आले. "दादा, तुळशीच्या लग्नानंतर खडवलीचा कार्यक्रम आहे. लिहून ठेवा." मेहुण्यांनी मान हलवली आणि चिवडा खाल्ला. एका कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवणारी मुलगी धीर करून विचारायला आली, "काका, लाइव्हला पेडलं लागतातच का हो?" मेहुण्यांनी बराच विचार केला. "माझी आज देवाने बंद केली. तुझी तू बघ. पण आधी एक गाणं न वाजवता उभी राहून बघ. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, तर तुला काही लागत नाही." डब्या त्यांनी घरी नेऊन तांदळाच्या पिंपात सुकवल्या. वहिनी भात लावत असताना एक डबी वाटीबरोबर वर आली, तेव्हा सातही डब्यांची घरातून हकालपट्टी झाली.

परतीच्या रिक्षात ते बाहेर बघत म्हणाले, "मालक डावा, डावा ओरडत होते. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

"सणासुदीला खोटं बोलू नये, जावईबापू," ते म्हणाले आणि माझ्या मांडीवर एक थाप मारली. एवढंच.

हल्ली त्यांनी एक नवीनच टुमणं लावलंय. "रविवारी कोपरीला येत जा. तुमचा डावा हात बसवून देतो. माझ्या सगळ्या ओळी तुम्हाला देऊन ठेवतो, उगाच भलत्या कोणाकडून शिकाल." त्यांची करंगळी सकाळी नीट वळत नाही आणि गरम पाण्यात धरून बसावं लागतं, हे वहिनींनी मला सांगितलंय. त्यांनी स्वतः नाही सांगितलेलं. एरवी त्यांनी बोलावलं की मी उड्या मारत जाणारा माणूस. पण रविवार आला की मी कधी पाहुणे आले म्हणून सांगतो, कधी डोकं दुखतं म्हणून. ते म्हणतात, "बरं, पुढच्या रविवारी." मी म्हणतो, "हो, नक्की." शिकायला गेलो तर एक दिवस शिकून होईल, म्हणून मी जात नाही.