मुहूर्ताचा भाव

आमचे भाऊजी दीनानाथराव, म्हणजे कुंदाताईचे यजमान, तहसील कचेरीतून लवकर निवृत्त झाले आणि पांढरकवड्याला हायवेवर कापसाचं एक जिनिंग विकत घेऊन बसले. त्यासाठी राहतं घर बँकेत गहाण टाकलं. घर ताईच्या नावावर होतं. तिला विचारलं नव्हतं, फक्त सही करायला सांगितलं होतं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. सरकारी खरेदीचा कापूस यायचा, सरकी वेगळी व्हायची, गाठी बांधून जायच्या आणि मजुरी मिळायची. यात भाऊजींना डोकं चालवायला वावच नव्हता, म्हणून नफा होत होता.

मग सरकारी खरेदी ढेपाळली. बाबुलाल नावाचा व्यापारी प्रस्ताव घेऊन आला. कापूस त्याचा, मशीन आपली, गाठीमागे ठरलेली मजुरी, हंगामभर काम. भाऊजींना हा अपमान वाटला.

“मजुरीवर चालवायला ही काय पिठाची गिरणी आहे?” म्हणाले.

त्यांना स्वतःचा कापूस घ्यायचा होता, मालक म्हणून मिरवायचं होतं. भाव उतरला तर काय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. जन्म पगारावर गेलेला.

दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली. पहिल्या गाडीला नारळ, टोपी आणि मुहूर्ताचा चढा भाव, असा आमच्याकडचा रिवाज. तो भाव त्या एका गाडीपुरता असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिली गाडी जवळच्या तांड्यावरच्या रामलाल राठोडची होती. टोपी नीट करत त्याने सहज विचारलं, “साहेब, हा भाव माह्या गाडीपुरताच हाय नं?”

भाऊजींच्या गळ्यात हार होता, समोर पेपरचा फोटोवाला होता.

“आमच्याकडे एकच भाव,” ते म्हणाले. “सगळ्यांना.”

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तालुक्याच्या गाड्या फाटकाशी लागल्या. शब्द मागे घेतला असता तर चार लोक हसले असते, एवढंच. पण साहेबांना हसं करून घ्यायचं नव्हतं. कापसासाठी काढलेलं बँकेचं कर्ज संपेपर्यंत ते घेत राहिले.

नंतर भाव घसरला. “चढेल,” म्हणत भाऊजी कापसाच्या गंजीपाशी खुर्ची टाकून बसून राहिले. कापूस आतून तापून पिवळा पडला. मशीन गप्प, मजूर बसून, आणि बाबुलालचे ट्रक समोरून शेजारच्या जिनिंगवर. मला भाऊजींची कीव यायला हवी होती. मला राग येत होता, ताईसाठी.

बँकेने घराला कुलूप लावायची नोटीस दिली, तेव्हा ताई मला घेऊन बाबुलालच्या गादीवर गेली. भाऊजींना तिने सांगितलं नाही.

“काम देतो, वहिनी,” बाबुलाल म्हणाला. “पन साहेबाले फाटकाच्या आत येऊ देऊ नका. कापूस दिसला का त्यायले विकत घ्याची हुक्की येते.”

“नाही येणार,” ताई म्हणाली.

जिनिंग पुन्हा सुरू झालं. ते ताई बघते. घर सुटलं. भाऊजी ओसरीवर पेपर वाचतात आणि आल्यागेल्याला सांगतात, की धंदा बसवून दिला, आता घरच्यांनी सांभाळावा.

परवा ताई संध्याकाळी परतली तेव्हा मी तिथेच होतो. भाऊजींनी चष्मा वर करून विचारलं, “आज कापूस काय भावाने गेला?”

“मला काय माहीत,” पदरावरची रुई झटकत ती म्हणाली. “आपला कुठे आहे तो?”