वरच्या दोन खोल्यांची भाडेकरू

कुलूपवाल्याला गल्लीत सगळे ‘डबललॉक’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. लोकांना आपला अंदाज असलेला बरा, असं तो म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांना कुलुपं बसवली, किल्ल्या हरवल्या की तीच उघडून दिली. माणूस माणसाला किती ओळखून असतो, हे त्याने जवळून पाहिलं होतं. भाजीवाला हसून बोलला तरी हा घरी येऊन पिशवी पुन्हा तोलायचा.

त्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असत. शेवटचा भाडेकरू गेला तो अनामत रकमेवरून एका शब्दानेही वाद न घालता गेला. झालं, डबललॉकची झोपच उडाली.

“भांडला का नाही तो? नक्की काहीतरी उचकटून नेलंय.”

“अहो, सरळ माणूस होता,” बायको म्हणाली.

ह्याने नळ, पंखे, बिजागऱ्या सगळं तपासलं. सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे संशय आणखीच वाढला.

मग त्याने खोल्यांचं काम काढलं. गच्चीतून पाणी झिरपत होतं ते बंद करून घेतलं, गंजलेले पाइप बदलले, रंग दिला. त्यासाठी कर्ज काढावं लागलं. एरवी कर्ज म्हटलं की तो चार हात लांब राहायचा, पण करसल्लागाराने समजावलं होतं की भाड्याच्या जागेची दुरुस्ती, विमा, घरपट्टी, कर्जावरचं व्याज, सगळं भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं आणि उरलेल्यावरच कर बसतो. तेव्हापासून त्याला पावत्यांचं वेड लागलं. रंगाऱ्याकडे त्याने ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनचीसुद्धा पावती मागितली.

“काका, पुढच्या वेळी दुसरा रंगारी बघा,” रंगारी म्हणाला.

अशात मुलगी आली. एकुलती एक, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. नवऱ्याशी तिचं बरेच दिवस पटत नव्हतं. शेवटी दोन बॅगा घेऊन ती घराबाहेर पडली होती आणि मैत्रिणीकडे राहत होती.

“बाबा, वर रिकामंच आहे ना? मी राहू का?”

दुसरा कुणी बाप असता तर ‘हे काय विचारणं झालं’ म्हणाला असता. डबललॉकच्याही ओठांवर ते आलं होतं, खरंच आलं होतं. पण तेवढ्यात डोक्यात किडा वळवळला. भिंतींचा रंग वाळतोय न वाळतोय तोच ही हजर? जावयाने तर पाठवली नसेल? आधी ही शिरणार, मागून तो सामान घेऊन येणार, आणि मग दोघं मिळून खोल्या घशात घालणार.

“बघू. विचारून सांगतो.”

“कुणाला विचारून?” बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

तो करसल्लागाराला विचारून आला.

“मुलगी फुकट राहिली तर जागा भाड्याची राहत नाही,” करसल्लागार म्हणाला. “मग खर्च वजा होणार नाही.”

“थोडंसं भाडं घेतलं तर?”

“नावापुरतं चालत नाही. बाजारभावाने भाडं, लेखी करार, पैसे बँकेतून. मग मुलगी असो की परकी, सगळं वजा होतं. पण काका, मिळणाऱ्या भाड्यावर करही आहेच. अशी काय मोठी बचत होणार? मुलगी आहे, राहू द्या की.”

मुलगी आणि हा करसल्लागार एकाच शाळेत होते, हे डबललॉकला जिना उतरताना आठवलं. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, अशी त्याची खात्रीच पटली.

संध्याकाळी त्याने मुलीला अटी सांगितल्या. पूर्ण भाडं, लेखी करार. जावई इथे राहायला येणार नाही, हेही लिहून द्यायचं.

“अहो, जनाची नाही तर मनाची तरी!” बायको ओरडली.

मुलगी भांडेल, निदान रडेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती फक्त म्हणाली, “ठीक आहे. कुठे सही करू?”

ती राहायला आली. भाडं वेळेवर जमा होऊ लागलं. डबललॉक खाली बसून कान टवकारून ऐकत असे. वर एकाच माणसाची पावलं वाजत. दाराशी चपलांचा एकच जोड असे. एका संध्याकाळी वरून रडण्याचा आवाज आला. जावई आला वाटतं, म्हणून तो तरातरा जिना चढला आणि दाराला कान लावला. आत दुसरं कुणीच नव्हतं. पोर एकटीच रडत होती. त्याने हात उचलला, पण तो काही दारापर्यंत गेला नाही. काय म्हणून वाजवायचं? आला तसा तो खाली उतरला.

वर्षअखेरीला विवरणपत्र भरून झालं. एकूण एक खर्च वजा झाला, एकही पावती फुकट गेली नाही. त्याने ते घरी येऊन बायकोला सांगितलं.

“छान,” ती म्हणाली, आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. ह्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

तो उठला आणि रिकाम्या हातानेच वर गेला. दार वाजवलं.

दार साखळीपुरतं उघडलं. मुलीने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या मागे जिन्यात.

“नळ ठीक आहे. पंखाही चालतोय,” ती म्हणाली. “भाडं कालच जमा केलंय.”

“तसं नाही गं. सहज आलो.”

“सहज?”

“चहा घ्यावा म्हटलं. तुझ्याकडे.”

ती डोळे बारीक करून, मान किंचित कलती ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. दुकानात कुणी अनोळखी माणूस किल्लीची नक्कल करून मागायला आला, की डबललॉक त्याच्याकडे असंच बघत असे. त्याच्याकडे मात्र आजवर असं कुणी पाहिलं नव्हतं.

“खरं सांगा, बाबा,” ती म्हणाली. “भाडं वाढवायचंय का?”