थोरा मॅडसनचा झरा

थोरा मॅडसन मासे पाळायची, पण मासे बाहेरून आणायची नाही. अंडी आणायची. "रोग अंड्यातून येत नाही, अंगातून येतो," असं ती म्हणायची, आणि हा नियम तिच्या बापाच्या वेळेपासूनचा होता. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा झरा. त्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले सात मातीचे हौद आणि शेवटच्या हौदाचं पाणी खालच्या नदीत. रॉकी पर्वतातल्या त्या खोऱ्यात ज्याच्या तळ्यात ट्राउट मासा असेल, तो तिच्याच हॅचरीतला, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवायच्या जागेतला, हे सांगावं लागत नसे. वसंतात गावच्या मुलांचा गळ टाकण्याचा दिवस असायचा, त्यालाही मासे तीच द्यायची, नदीत सोडायला. मत्स्यखात्याचा परवाना असायचा.

मी तिच्याकडे एकोणीस वर्षं ट्रक चालवला. चर्चमध्ये सगळ्या बायकांना सिस्टर म्हणत, तशी ती सिस्टर मॅडसन, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बोलायला फटकळ. एकदा एक बडा जमीनमालक म्हणाला, "बाई, मासे जरा बारीक वाटतात." ती म्हणाली, "तुमच्या तळ्यापेक्षा मोठे झाले तर ठेवाल कुठे?"

एका फेब्रुवारीत वरची दरड घसरली. झऱ्याला दोन दिवस गाळ आला आणि ट्रेमधली सगळी अंडी गुदमरून मेली. वसंत तोंडावर आलेला. सगळे विचारायला लागले, यंदा मासे आहेत ना? थोरा आठवडाभर रिकामे ट्रे घासत होती. मग एका सकाळी म्हणाली, "डेल्मर, ट्रक धुऊन घे. बोटुकली आणायचीत."

"बोटाएवढे जिवंत मासे आणायचे?" मी म्हटलं.

"ऐकू आलं ना? कागद बघितलाय मी. रोगमुक्त, सरकारी शिक्का. खातं ज्याला चालतं म्हणतं, त्याला नाही म्हणणारी मी कोण?"

ती हॅचरी तीन तासांवर होती. मालक भला माणूस होता, लबाडी त्यानेही केली नाही. साठ माशांची डोकी तपासून शिक्का मिळतो. त्याच्या माशांची तपासणी अकरा महिन्यांपूर्वीची. कागद बारा महिने चालतो.

ट्रकमध्ये भरताना मला एक पिल्लू दिसलं. स्वतःच्याच शेपटीमागे लागल्यासारखं गरगर फिरत होतं. मग ते बाकीच्यांत मिसळलं, आणि मी झाकण लावलं.

असं गरगर फिरवणारा रोग आमच्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत होता. पिल्लांची शेपटी काळी पडते, कवटी वाकडी होते, ती भोवऱ्यासारखी फिरतात. माणसाला काही होत नाही. पण मेलेल्या माशातून बीज चिखलात उतरतं, चिखलातल्या दोऱ्यासारख्या किड्यांत वाढतं आणि पुन्हा पिल्लांना धरतं. एकदा शिरलं की चिखलातून ते कधीच जात नाही.

ऑगस्टमध्ये खात्याचा तपासनीस प्रेस्टविच आला. पोरवयात सुट्टीच्या दिवसांत तो थोराकडेच मासे हाताळायला शिकला होता. साठ डोकी घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी स्वतः परत आला. टोपी हातात होती.

"सिस्टर मॅडसन, मी फोनवर सांगू शकलो असतो..."

"किती?"

"एकेचाळीस."

"साठातली?"

त्याने मान हलवली. ती म्हणाली, "आत ये, चेरी-पाय केलाय, खाऊन जा." मग स्वतःच खुर्ची ओढली. "बस."

मासे मारायला खात्याची माणसं येणार होती. तिने नको म्हटलं. "माझे मासे मीच मारीन." मी खड्डे खणले, तिने हौद उपसले. चार दिवस लागले, वर चुना. शेजारीपाजारी बादल्या घेऊन आले, धुरावर सुकवायला मासे मागायला. एकालाही तिने मासा दिला नाही. डोकी कुठे कुठे टाकतील, कोण जाणे. "सोन्यासारखी मासळी मातीत घालतेय," म्हणून बायका चर्चमध्ये तिच्याशेजारी बसेनाशा झाल्या.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. फावडं टेकवून म्हटलं, "बोटुकली भरताना एक पिल्लू फिरताना दिसलं होतं मला. बोललो नाही."

तिने चुन्याने पांढरे झालेले हात एप्रनला पुसले. "मला दोन दिसली. हौदात सोडताना. म्हटलं, प्रवासाने घेरी आली असेल." मग खड्ड्याकडे वळून म्हणाली, "माती लोट."

त्या हिवाळ्यात राजधानीत सुनावणी ठेवली. खासगी हॅचरीचे मासे यापुढे वाहत्या पाण्यात सोडू द्यायचे नाहीत, असा नियम येत होता. बाकीचे हॅचरीवाले थोराला पुढे करून गेले. कागद पक्का असूनही ही बाई बुडाली, म्हणजे दोष सरकारी तपासणीचा, शिक्षा मात्र आम्हाला का, असं तिने बोलावं हा बेत.

ती उभी राहिली. "कागद खरा होता," ती म्हणाली. "मासेही आजारी होते. तुम्ही मला बंद करा, यांनाही बंद करा. पण तुमच्या स्वतःच्या हॅचऱ्याही अशाच झऱ्यांवर आहेत, त्यांच्या चिखलातही तेच किडे आहेत. त्यांनाही हीच चाळण लावा."

कुणी टाळी वाजवली नाही. परतताना हॅचरीवाल्यांच्या गाडीत तिला जागा नव्हती, आम्ही बसने आलो. नियम झाला, खासगींना बंदी. सरकारी हॅचऱ्यांसाठी खाली एक ओळ होती: जिथे रोग आधीच पोहोचला आहे, तिथे बाधित मासे सोडायला हरकत नाही.

आमच्या नदीत तो पोहोचलेलाच होता, तिच्याच हौदांतून. उन्हाळ्यात सरकारी ट्रक आला आणि पुलावरून मासे सोडून गेला. थोरा पुलाच्या कठड्याला टेकून बघत होती. ड्रायव्हरला तिने विचारलं, "तपासलेत?" तो म्हणाला, "आजी, मी फक्त ट्रक चालवतो." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढची तीन वर्षं ती दर ऑगस्टला नदीत उतरायची. प्रेस्टविच यायचा, मीही. उथळ पाण्यात, जिथे पिल्लं असतात, तिथे आम्ही जाळी ओढायचो. मोठे मासे होते, चांगले हातभर, आणि गळ टाकणारे खूश होते. त्यांना वाटायचं, नदी झकास आहे. बोटाएवढा मासा एकही मिळाला नाही. तिसऱ्या वर्षी प्रेस्टविच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." थोरा म्हणाली, "तू वहीत लिही. मला समजावू नको."

त्यानंतर तिच्या कमरेचं हाड मोडलं. तिला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी रविवारी जायचो. ती हवेबद्दल बोलायची, जेवणातल्या मॅश केलेल्या बटाट्यांना शिव्या घालायची. नदीचं तिने कधी विचारलं नाही, मीही काढलं नाही. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. अंत्यविधीला चौदा माणसं होती. प्रेस्टविच शवपेटीला खांदा द्यायला आला होता. निघताना मला म्हणाला, नदीच्या वरच्या फाट्याच्या चिखलातही आता बाधित किडे सापडलेत. तिथे कुणी कधी मासा सोडला नव्हता. रोगाचं बीज तिथे कुठून गेलं, त्यालाही माहीत नव्हतं.