सोमवारी घेतलेले नमुने

दीप्ती लघवीचे नमुने गोळा करायची. कोल्हापुरातल्या एका खाजगी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती, आणि कारखान्यांत जाऊन कामगारांची तपासणी करायचं काम तिच्याकडं होतं. नऊ वर्षांत कुणी लाजलं, कुणी हसलं, कुणी बाटली रिकामीच परत दिली. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एमआयडीसीतल्या एका चपलांच्या कारखान्यात ती पहिल्यांदा गेली ती सोमवारी सकाळी. तिथं बत्तीस बायका चपलांचे तळ चिकटवायला ब्रशनं सोल्युशन लावायच्या. त्याची वाफ श्वासातून अंगात जाते, हळूहळू हातापायांच्या नसा बधिर करते, आणि तिचा अंश लघवीत उतरतो. तो सापडायचा तर नमुना आठवड्याच्या शेवटी, शिफ्ट सुटताना घ्यावा लागतो. रविवारच्या सुट्टीनंतर तो बराचसा निघून गेलेला असतो. दीप्तीला हे माहीत होतं. मॅनेजर अमरसिंहलाही असावं.

"शनिवारी माल निघायचा असतोय, मॅडम. सोमवारीच उरका," तो म्हणाला.

तिनं उरकलं. फॉर्मवर नमुन्याच्या वेळेचा रकाना होता. तिथं तिनं 'शनिवार, शिफ्ट सुटताना' असं लिहिलं. हात थांबला नाही. सगळ्या बायकांचे रिपोर्ट चांगले आले.

पुढच्या वर्षी पुन्हा सोमवारच ठरला. पहिली बाटली घ्यायला बायडाबाई आली. पन्नाशीची, कसबा बावड्याची, अकरा वर्षं सोल्युशन लावणारी. भिंतीला धरून चालत होती. दाराशी तिची एक चप्पल निसटली आणि ती तशीच पुढं गेली.

"मावशी, चप्पल राहिली."

बायडाबाईनं खाली बघितलं. "व्हय की. मला कळतच न्हाय बघ. मागं चुलीतला निखारा पायावर पडला, तर वास आल्यावर कळलं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. साखर न्हाय म्हणला. मी म्हटलं, कारखान्यात बी तपासलंय, त्यात बी काय न्हाय निघालं. मग त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या."

दीप्तीनं तिच्या हातातली बाटली परत घेतली, आइसबॉक्सचं झाकण लावलं आणि अमरसिंहच्या केबिनमध्ये गेली.

"आज नमुने घेत नाही. शनिवारी साडेपाचला येते."

"गेल्या वर्षी चाललं की!"

"गेल्या वर्षी मी खोटं लिहिलं."

त्यानं तिथूनच लॅबच्या मालकांना फोन लावून तिच्या हातात दिला. ते ओरडले. दीप्तीनं सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारचं वाक्य पुन्हा एकदा सांगितलं. शेवटी मालकांनीच फोन ठेवला.

शनिवारी तिनं प्रत्येकीला आधी एप्रन काढायला लावला, साबणानं हात धुवायला लावले. हाताचं सोल्युशन बाटलीत पडलं तर नमुना वाया जातो. झाकणं स्वतः आवळली, नाव आणि खरी वेळ लिहिली. बाटल्या बर्फात घालून तिनं थेट लॅबच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवल्या.

चौदा बायकांचा आकडा मर्यादेच्या वर निघाला. बायडाबाईचा सगळ्यांत जास्त होता. अहवालाची एक प्रत दीप्तीनं कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीत दिली. दोन महिन्यांनी कारखान्यात सोल्युशन बदललं, वाफ ओढणारे पंखे बसले. बायडाबाईला पॅकिंगला बसवलं. लॅबनं दीप्तीचं बाहेरचं काम काढून तिला काउंटरवर बसवलं. ती बसली.

एका रविवारी ती बावड्याला बायडाबाईच्या घरी गेली आणि सोमवारच्या नमुन्यांचं सगळं सांगितलं.

बायडाबाईनं पाय जवळ ओढून तळवा चोळला. मग म्हणाली, "तवाच कळलं असतं तर?"

"तेव्हाच काम बदललं असतं. पाय एवढे गेले नसते."

"आता माघारी येत्यात?"

"हळूहळू. वर्ष-दोन वर्षं लागतील. पूर्ण येतील असं नाही."

"बरं," बायडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जा आता तू."

दीप्ती बसथांब्यावर आली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिचा थांबा आला तरी आलं नाही. ती उतरली.